विहिरीकडच्या पायऱ्यांना कठडा: घरी पाइप कापल्याच्या नोंदी

आमचं घर मांद्र्यात, गोव्यातल्या पेडणे तालुक्यात. अंगणातून विहिरीकडे उतरायला चिऱ्याच्या सात पायऱ्या आहेत. गेल्या पावसात शेवाळावरून आई तिसऱ्या पायरीवर घसरली. हाड मोडलं नाही, पण उजवा गुडघा तेव्हापासून दुखतोच, आणि विहिरीवर जाणं ती काही सोडत नाही. फॅब्रिकेशनवाल्याने दोन्ही बाजूंच्या कठड्याचे १४,००० रुपये सांगितले आणि काम पावसाळ्याआधी होईल याची खात्री दिली नाही. म्हणून जोडकाम सोडून बाकी सगळं स्वतः करायचं ठरवलं. लोखंडाचा पाइप मी त्याआधी कधी कापलेला नव्हता. ज्यांना असंच काम करायचं आहे त्यांना माझे गेलेले तास वाचवता यावेत म्हणून या नोंदी ठेवल्या.

१९ एप्रिल २०२५, शनिवार

मापं घेतली. एक पायरी १५ सेंटीमीटर उंच, ३० सेंटीमीटर रुंद. त्याला सातने गुणलं: उंची १०५, लांबी २१०. इथे माझी मोठी चूक झाली, ती पुढे तीन आठवड्यांनी कळली.

आराखडा साधा. प्रत्येक बाजूला तीन उभे खांब, त्यांवर पायऱ्यांच्या उतारानेच जाणारा एक आडवा पाइप. आडवा पाइप सव्वा इंची, कारण तो हाताच्या मुठीत नीट बसतो. खांब एक इंची.

२५ एप्रिल, शुक्रवार

म्हापशाला गेलो. शुक्रवारच्या बाजाराची गर्दी, टेम्पो मिळायला दीड तास गेला. पाइप खरेदीला बाजाराचा दिवस टाळा.

दुकानात जीआय पाइपच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपच्या, टोकाजवळ रंगाचा पट्टा बघायचा. आय.एस. १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे पिवळा पट्टा म्हणजे हलका, निळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जड. मी निळा घेतला. सव्वा इंची म्हणतात त्या पाइपचा बाहेरचा व्यास ४२.४ मिलिमीटर भरतो आणि एक इंचीचा ३३.७, म्हणजे नावातलं माप आणि हातातलं माप वेगळं. कॅलिपर घेऊन जा किंवा निदान पट्टी. दोन्हींच्या भिंतीची जाडी ३.२ मिलिमीटर.

सव्वा इंची एक आणि एक इंची दोन, प्रत्येकी ६ मीटर. वजनावर ४,३६० रुपये. टेम्पो ४५०. लोखंड कापायच्या करवतीची, म्हणजे हॅकसॉची, फ्रेम २८०, आणि दोन ब्लेड प्रत्येकी २० रुपयांची. दुकानात ‘एक्सा ब्लेड’ मागितलं की मिळतं. किती दाती हवं हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

शिवोलीचा पूल ओलांडताना मागे बाहेर आलेल्या पाइपांना लाल फडका बांधलेला, तरी जीव टांगणीला होता.

२६ एप्रिल, शनिवार

पहिला दिवस पूर्ण वाया.

पडवीत स्टुलावर एक इंची पाइप ठेवला, डाव्या पायाने दाबून धरला, पेनाने एक खूण केली आणि करवत चालवायला सुरुवात केली. पाइप प्रत्येक हेलकाव्याला फिरायचा. खूण एकाच जागी असल्यामुळे करवत कुठे चालली आहे ते कळेना. वीस मिनिटांनी पाइप तुटला तेव्हा टोक एवढं तिरकं की गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावल्यावर ६ मिलिमीटरची फट दिसली. ब्लेडचे दात ठिकठिकाणी झडले होते. १.२ मीटरचा तुकडा खांब म्हणून निकामी झाला. तो टाकून दिला नाही, पुढे फार उपयोगी पडला.

संध्याकाळी आईने पडवी ओल्या फडक्याने पुसली. सकाळी लाल कोब्यावर सगळीकडे तपकिरी ठिपके. लोखंडाचा कीस रात्रीत गंजला होता. तिने झाडाची चार बिंबलं, म्हणजे आंबट फळं, आणून कापून त्यावर चोळली, अर्ध्या तासाने धुतलं, तेव्हा डाग फिके झाले. यापुढे कापणं अंगणात आणि खाली जुनी चादर.

२७ एप्रिल, रविवार

साखळीहून मामा आले. खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी फिटर म्हणून वर्षं काढली, २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत. ब्लेड हातात घेऊन म्हणाले, “हे अठरा दाती. जाड सळीला चालतं. पाइपला चोवीस दाती आण.”

कारण त्यांनी नखाने दाखवलं. करवतीचे निदान तीन दात एका वेळी लोखंडावर टेकलेले हवेत. इंचाला अठरा दात म्हणजे दोन दातांत १.४ मिलिमीटर अंतर, ३.२ मिलिमीटरच्या भिंतीवर जेमतेम दोनच दात टेकतात. मग भिंतीची कड दोन दातांच्या मध्ये शिरते आणि दात मोडतो. चोवीस दातीला तीन टेकतात. शिवाय मी ब्लेड उलटं लावलं होतं. दातांची टोकं मुठीपासून पुढच्या बाजूला वळलेली हवीत.

“ओढू नकोस रे, ढकल. ढकलताना कापते ती. मागे घेताना नुसती सरकव, दाबू नको.”

गावातल्या दुकानात चोवीस दाती बायमेटल ब्लेड ६० रुपयांना एक मिळालं, पाच घेतली.

खूण करायची पद्धतही त्यांनीच शिकवली, आणि ही एक गोष्ट शिकलो तरी अर्धं काम झालं. कॅलेंडरचं जाड पान घ्यायचं, त्याची कारखान्यात कापलेली सरळ कड पाइपभोवती गुंडाळायची. कागद स्वतःवर चढतो तिथे कड बरोबर कडेवर आली पाहिजे, केसभरही पुढेमागे नाही. आली की ती कड पाइपला काटकोनातच असते. कडेलगत पेनाने पूर्ण गोल रेघ मारायची. मग एका जागी खोल न कापता रेघेवरून भोवताली एक मिलिमीटरची खाच पाडत जायचं, दर आठ-दहा हेलकाव्यांनी पाइप थोडा फिरवायचा. खाच पूर्ण फिरून स्वतःला मिळाली की करवत वाट सोडत नाही.

सव्वा इंची पाइप तीन तीन मीटरचा केला. मामांच्या हाताने नऊ मिनिटं. गुण्या लावला, फट दिसली नाही.

१ मे, गुरुवार

सुट्टी होती, पण एकटाच होतो. आज पहिल्या एक इंची पाइपचे उरलेले ४.८ मीटर मधोमध कापायचे होते. धरायला व्हाइस नाही. फणसाच्या लाकडाचे दोन ठोकळे घेऊन प्रत्येकात इंग्रजी व्ही सारखी खाच पाडली, ते एका फळीवर खिळ्यांनी बसवले. पाइप खाचांत ठेवून सायकलच्या जुन्या ट्यूबने फळीला आवळला. हे करायला दोन तास लागले, तरी केल्याचं समाधान आहे. त्यानंतर पाइप एकदाही आपोआप फिरला नाही, मला फिरवायचा तेव्हा ट्यूब सैल करायची.

निम्मं कापून झाल्यावर ब्लेड बोथट झालं. नवं लावलं आणि त्याच खाचेत घातलं. तिसऱ्या हेलकाव्याला ते अडकलं आणि कट्‌कन मोडून तुकडा अंगणात उडाला. ब्लेडचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे झुकवलेले असतात. झिजलेल्या ब्लेडचा तो फुलोरा कमी होतो, त्याने पाडलेली खाच अरुंद होते. नव्या ब्लेडला ती पुरत नाही. नवं ब्लेड लावलं की पाइप अर्धा फिरवून समोरच्या बाजूने नवी खाच सुरू करायची, दोन्ही खाचा मध्ये मिळतात. तिसऱ्या ब्लेडने हेच केलं, पुढचं सगळं काम त्या एकाच ब्लेडवर झालं.

गती फार वाढवू नका. मिनिटाला चाळीस-पन्नास हेलकावे पुरे, ब्लेडची पूर्ण लांबी वापरायची. घाई केली की मधलेच चार इंच तापून झिजतात.

४ मे, रविवार

आजची नोंद नीट वाचा.

दुसऱ्या पाइपमधून २.४ मीटरचा तुकडा काढायचा होता. हात दुखत होते म्हणून ओळखीच्या एकाचा चार इंची ग्राइंडर आणला, एक मिलिमीटरच्या तीन कटिंग डिस्क ९० रुपयांना घेतल्या. ग्राइंडरला गार्ड, म्हणजे डिस्कवरचं संरक्षक झाकण, नव्हता. मी तो तसाच वापरला.

पाइप दोन टोकांना दोन स्टुलांवर टेकवला आणि वरून कापायला घेतलं. पाऊण पाइप कापला गेला तशी मधली जागा स्वतःच्या वजनाने खचली, खाच वरून मिटली आणि डिस्क तिच्यात चिमटली गेली. ग्राइंडर छातीकडे उसळला, डिस्क फुटली, एक तुकडा पडवीच्या खांबाच्या गिलाव्यात रुतला. डोळ्यांवर ११० रुपयांचा चष्मा होता, त्याच्या काचेवर ओरखडा आहे. हातमोजे ६० रुपयांचे. या दोन वस्तूंवर पैसे वाचवू नका.

चूक दोन ठिकाणी होती. गार्डशिवाय ग्राइंडर चालू करायचाच नव्हता. आणि टेकू चुकीच्या जागी होते. कापायची जागा दोन टेकूंच्या मध्ये नको, टेकूच्या लगेच बाहेर हवी, म्हणजे सुटणारा भाग खाली झुकतो आणि खाच उघडत जाते. लांब बाजू ठोकळ्यात आवळून ठेवायची. हा नियम करवतीलाही लागू आहे.

शिवाय जस्ताचा मुलामा तापला की पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. आणि मे महिन्यात काजूचा सुका पाला अंगणभर पडलेला असतो, ठिणग्यांनी एका कोपऱ्यात धुमसायला लागलं, आईने कळशी ओतली. ग्राइंडर त्याच दिवशी परत केला. उरलेला पाव पाइप करवतीने चार मिनिटांत कापला गेला.

१० मे, शनिवार

खांबांची वरची टोकं उताराने तिरकी कापायची. एक युक्ती इथे सुचली: २.४ मीटरचा तुकडा मधोमध एकदाच तिरका कापला की दोन खांबांची डोकी एका कापात तयार होतात. सहा खांबांना तीनच तिरके काप.

तिरकी रेघ कागदाच्या सरळ कडेने येत नाही. त्यासाठी वाया गेलेला १.२ मीटरचा तुकडा घेतला. त्याच्या टोकाला कॅलेंडरचं गुळगुळीत पान घट्ट गुंडाळून चिकटवलं. बादलीत पाणी भरून त्यात काव, म्हणजे लाल माती, कालवली. पाइप उताराच्या कोनात कलता धरून क्षणभर बुडवला आणि लगेच वर काढला. पाण्याची पातळी सपाटच असते, त्यामुळे कागदावर लाल रंगाची कड बरोबर त्या तिरक्या कापाची उमटते. कागद उलगडला की समुद्राच्या लाटेसारखी रेघ दिसते. तिच्यावरून कात्री चालवली की साचा तयार, तो कुठल्याही एक इंची पाइपभोवती गुंडाळायचा. पाइप बादलीत पाव मिनिट ठेवलात तर मात्र पाणी कागदात वर चढतं आणि रेघ पसरते, माझी पहिली दोन पानं त्यातच गेली.

पहिला तिरका काप उत्तम आला. खांब पायरीशेजारी उभा करून वर आडवा पाइप ठेवला तर एका बाजूला दोन मिलिमीटरची फट. काप पुन्हा तपासला, बरोबर होता. मग आईनेच विचारलं, “सगळ्या पायऱ्या सारख्या आहेत का रे?”

नव्हत्या. चिरे आजोबांच्या काळचे, कुठली पायरी १५, कुठली १८, एक तर १९ सेंटीमीटर. वरच्या पायरीपासून खालच्यापर्यंत दोरी ताणली, लेव्हल ट्यूब (सपाटी बघायची पाण्याची नळी) लावून खरी उंची काढली: १०५ नव्हे, ११९. लांबी मात्र २१० च. मी एक पायरी मोजून सातने गुणण्याऐवजी हेच पहिल्या दिवशी करायला हवं होतं, दहा मिनिटांचं काम. आता साच्यासाठी पाइपचा कल नव्याने घेतला: ४० सेंटीमीटर उंचीवरून ओळंबा सोडला की तो पायथ्यापासून २२.७ वर पडला पाहिजे. टोकाच्या उंच आणि सखल बाजूतला फरक १७ मिलिमीटरऐवजी १९ झाला. पहिल्या दोन खांबांची डोकी कानशीने घासून दुरुस्त केली, पाऊण तास.

११ मे, रविवार

तिरक्या टोकावर गोल पाइप नुसता टेकतो, बसत नाही. वेल्डिंग भरायला फट राहू नये म्हणून टोकाला खोबण हवी. एक इंची पाइपवर सव्वा इंची बसवायला खोबण सुमारे ८ मिलिमीटर खोल लागते. ती वर चढणाऱ्या आणि खाली उतरणाऱ्या बाजूला पाडायची, डावी-उजवीकडचे दोन कान तसेच ठेवायचे. पहिल्या खांबावर मी नेमके कान कापायला घेतले होते, दोन-तीन हेलकाव्यांतच लक्षात आलं.

करवतीने दोन तिरके काप देऊन त्रिकोणी तुकडा काढायचा, मग दहा इंची अर्धगोल कानस, २६० रुपये. आडव्या पाइपवर ओली काव बोटाने पातळ फासायची, खांबाचं टोक त्यावर ठेवून किंचित डोलवायचं. जिथे लाल लागलं तिथे लोखंड अजून वर आहे, तेवढंच घासायचं. पुन्हा ठेवायचं, पुन्हा बघायचं. आधी दोन ठिपके दिसतात, मग चार, मग कडेची तुटक रेघ. सहाव्या-सातव्या वेळी पूर्ण कडेवर लाल रेघ उमटली तेव्हा मी आईला हाक मारून दाखवली. पहिल्या खांबाला पन्नास मिनिटं, शेवटच्याला वीस.

पाइपच्या आतली ओठासारखी वळलेली धार गोल कानशीने काढली. ती बोट कापते.

१७ मे, शनिवार

वेल्डर घरी आला. दोन्ही कठडे अंगणात आडवे ठेवूनच जोडले, खांबांमधलं अंतर आणि कोन आधी दोरीने पायऱ्यांवर ताडून पाहिले होते. जोडाच्या दोन्ही बाजूंचं दोन-दोन सेंटीमीटर जस्त त्याने गार्ड लावलेल्या ग्राइंडरने घासून काढलं. काम दुपारी तीननंतर ठेवलं, समुद्रावरचा वारा सुटतो तेव्हा धूर मागे जातो, आम्ही सगळे वाऱ्याच्या अंगाला बसलो. खोबणी पाहून म्हणाला, “बरं बसलंय.” १,५०० रुपये घेतले.

जिथे जस्त गेलं तिथे गंज आलाच, आमच्याकडे तर खारा वारा. जोड थंड झाल्यावर तारेच्या ब्रशने घासून जस्ताचा प्रायमर दोन हात दिला, ३४० रुपये. बाकी पाइपला रंग दिला नाही. आईला हिरवा हवा होता, पण नव्या जस्तावर साधा ऑइल पेंट धरत नाही, वर्षभरात पापुद्रे सुटतात.

१८ मे, रविवार

पायऱ्यांच्या कडेने सहा खड्डे, फूटभर रुंद, ४० सेंटीमीटर खोल. तळाशी खडीचा थर. एक भाग सिमेंट, दोन रेती, चार खडी. सिमेंटची गोणी ३८०, रेती-खडी ३००. खांब ३३ सेंटीमीटर आत. ओळंबा लावून बांबूंचे टेकू दिले. काँक्रीट खांबाभोवती जमिनीच्या वर उचलून बाहेरच्या बाजूला उतार दिला, नाहीतर पाणी बुडाशी साचून पाइप तिथेच कुजतो.

२५ मे, रविवार

मी ५ जूनच्या हिशेबाने चाललो होतो. २० तारखेपासूनच पावसाने झोडपलं, आणि आज मान्सून गोव्यात पोहोचला. काँक्रीटवर प्लास्टिक टाकलं होतं, ते वाचलं.

पण कठड्याच्या खालच्या टोकातून तपकिरी पाणी ठिबकून पायरीवर ओघळ आले आहेत. टोकांना अजून टोप्या लावल्या नव्हत्या, पाऊस वरून आत शिरला आणि आत राहिलेला कीस गंजला. कापून झाल्यावर प्रत्येक पाइप उभा धरून जमिनीवर आपटायचा, आतला कीस झाडायचा, हे मी एकदाही केलं नव्हतं.

वरच्या टोकातून तीन बादल्या पाणी ओतून आत धुऊन काढलं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. चार टोप्या शंभर रुपयांना. वरच्या दोन घट्ट ठोकल्या, खालच्या दोहोंना ५ मिलिमीटरचं भोक, आत ओल धरली तर निघून जावी म्हणून.

एकूण खर्च ८,५७० रुपये. दिवस मोजले तर कामाचे नऊ, त्यातला एक पूर्ण वाया.

१ जून, रविवार

टेकू काढले. खांब धरून जोर लावून पाहिला, हलला नाही. आई कळशी घेऊन खाली गेली आणि भरून वर आली. उतरताना उजवा हात कठड्यावर होता, चढताना कळशी डाव्या कमरेवर आणि उजवा हात पलीकडच्या कठड्यावर. दोन्ही बाजूंनी केला ते बरं झालं. तिसऱ्या पायरीवर ती थांबली नाही.

विहिरीच्या काठाशी, दोर ओढताना धरायला, तिला आणखी एक आडवा दांडा हवा आहे. एक इंची पाइपचा ३.६ मीटरचा तुकडा पडवीत आहे, चोवीस दाती दोन ब्लेड शिल्लक आहेत. काठाचं माप घेतलं आहे, या वेळी दोरी ताणून.